गंगी म्हंजे पाणी

"हे काय हाय, सांग."

मालकिणीनं कंदील माझ्या तोंडापुढं धरला. नुकताच लावलेला. काचेची ऊब गालाला लागायली होती.

"मामा," मी म्हणलं.

ओसरीवरचे समदे हासले.

मी तवा सात-आठ वर्षांची असंन. चुडावा टेसनापासून कोसभर आत आमचं गाव. निम्मी जमीन एकट्या देशमुखाची. त्याला समदे मालक म्हणायचे. माझा बाप त्याच्याकडं सालगडी. त्या दिवशी निजाम सरकारचा गिरदावर, म्हंजे शेतसाऱ्याचा साहेब, गावात मुक्कामाला आला होता. गिरदावर आला की गाव दबून चालायचं, कोंबड्यासुद्धा लोक डालून ठेवायचे. मालकाच्या ओसरीवर लोड-तक्के टाकलेले. साहेब पान खात बसलेले. जेवणाला अवकाश होता. मालकानं बापाला हाक मारली.

"तुझी पोरगी आण रं. साहेबाला गंमत दाखवू."

बानं मला हाताला धरून नेलं आन् पायरीखाली उभी केली. त्याचा हात ओला झाला होता. कशानं ते मला कळलं न्हाई.

आधी नाव इचारलं. मला माझं नाव ठाऊक होतं, पण ते तोंडातून येईना. मंग मालकानं बोटं दाखवली, "किती हायेत?" मला मोजता येत नव्हतं. मी त्याच्या बोटातली अंगठी बघत राहिले. मंग कंदील आणला. मंग पाण्याचा तांब्या.

"हे काय?"

"गंगी."

गिरदावराला ठसका लागला, पान गळ्यात अडकलं. मालकाला चेव आला. त्यानं खुंटीवरचं दावं काढलं आन् माझ्यापुढं नाचवलं.

"आन् हे? हे काय गं?"

"सोयरा."

मंग जे हासले! एक जण तक्क्यावर आडवा झाला. मी बापाकडं बघितलं. बा बी हासायला होता. मालक हासला म्हणून तो हासला, हे मला लय वर्षांनी समजलं. त्या वक्ताला येवढंच दिसलं, की माझा बापबी त्यांच्यात हाय.

गिरदावर तोंड पुसत म्हणला, "पागल की औलाद है. दिमाग खाली है इसका."

मालक म्हणला, "येडीच्या पोटची. हिला कुठून येणार अक्कल? शेण काढायला उपेगी पडंल, बास."

माझ्या पायावरून गरम पाणी गेलं. मी उभ्या उभ्या मुतले. मालकीण वरडली, "अंगण बाटवलं सटवीनं! तिच्याच हातानं सारवून घ्या." दिवेलागणीला त्या अंगणात बसून मी शेणानं तेवढी जागा सारवली. वरती जेवणाची ताटं वाढायला लागले होते. बा बैलांना पाणी पाजायला गेला.

त्या दिवशी मला कळलं, की माझ्या डोक्यात काही न्हाई.

आता मायचं सांगते.

माझ्या मायचं डोकं माझ्या जन्मानंतर फिरलं, असं लोक म्हणायचे. गाव म्हणायचं भानामती हाय. कुणी लिंबू उतरवलं, कुणी मिरच्यांची धुरी दिली, एका बाबानं हातावर डाग दिले. माय लिंगायत घरातली. गळ्यातलं लिंग मुठीत धरून भिंतीकडं तोंड करून बसायची आन् भिंतीशी बोलायची. कवा कवा महिनाभर एक शब्द न्हाई. मी पुढ्यात बसलेली असायचे तरी तिच्या डोळ्यात मी नसायचे. बा अंधारात जायचा, अंधार पडल्यावर यायचा. दुसऱ्यांच्या घरात लेकराला म्हणत्यात, बाळा हा चांदोबा, ही चिमणी, हे तुझं नाक. आमच्या घरात हे म्हणायला कुणी नव्हतं. जे शब्द मी शिकले ते मायच्या तोंडचे. आन् मायचे शब्द समद्या गावाहून वेगळे.

दिव्याला ती मामा म्हणायची. पाण्याला गंगी. दोरीला सोयरा. भिंतीतून जे तिच्याशी बोलायचे, त्यांना पाहुणे. "पाहुणे आले," म्हणायची, आन् तिचा चेहरा असा व्हायचा की मी कणगीमागं जाऊन लपायचे.

मला मायची भीती वाटायची. हे मी लपवत न्हाई. एकदा तिनं मला काखंत घेतलं आन् मळ्यातल्या हिरीवर नेलं. काठावर बसून मला पाण्यावर धरलं. "गंगीला भेट," म्हणायली. खाली काळं पाणी, त्यात माझे पाय. मी वरडले न्हाई. आवाजच निघंना. बाजूच्या वावरातल्या बायांनी धावत येऊन मला ओढलं. त्या दिवसापासून बानं मायच्या पायात दावं बांधलं आन् दुसरं टोक घरातल्या मेढीला. माय दाव्याकडं बघून म्हणली, "सोयरा आला." बानं तोंड फिरवलं.

मंग मला आणखी एक भीती लागली, मायच्या भीतीहून मोठी. ती माझीच भीती. आपुनबी असंच होणार. गावात बाया मला बघून लेकरं आत ओढून घ्यायच्या. मारुतीच्या पारावर पंतोजी पोरांना शिकवायचे, तिथं मी लांब उभी राहिले तरी म्हणायचे, "हिला हाकला, हिची नजर पोरांच्या डोक्यावर पडते." मी एकटी असताना तोंड उघडायला भ्यायचे. जात्यावर बसले तरी ओवी म्हणायचे न्हाई. कुणी ऐकलं आन् म्हणलं, झाली सुरू, तर? एकटीला हासू आलं तर ओठ चावायचे. झोपेतून उठले की आधी भिंतीकडं कान द्यायचे. कुणी बोलत न्हाई ना? न्हाई. मंग चूल पेटवायचे.

ओसरीवरच्या त्या प्रकारानंतर बा मला टेसनावर कोळसा येचायला धाडायला लागला. इंजनातून पडलेला अर्धा जळका कोळसा रुळाकडंनं मिळायचा. टेसनाजवळच्या कोठडीत रुळाचे सांधे बदलणारा सांधेवाला राहायचा, त्याची बायको बिनलेकराची. तिला समदे खाला म्हणायचे. खाला दिवसभर एकटी. तिला बोलायला माणूस पाहिजे होतं, आन् मी उठून जात नव्हते. येवढंच होतं ते. ती कांदा चिरताना बोलायची, कपडे धुताना बोलायची, आन् मधीच मला इचारायची, "अगे छोकरी, ये क्या है बोल." ती आपलंच उत्तर द्यायची, "चिमटा. तुमी बी चिमटाच बोलते ना?" मी मान हालवायचे.

एकदा संध्याकाळी तिनं चिमणी लावली आन् माझ्या तोंडून निघून गेलं, "मामा."

मी जागच्या जागी गोठले. आता हासंल.

खाला हासली न्हाई. काडी विझवत म्हणली, "मामा कायकू?"

मला तोवर कुणी "का" म्हणून इचारलं नव्हतं. मी मलाबी इचारलं नव्हतं. मी म्हणलं, "माय म्हणती."

"तो अम्मा कू पूछ ना. कायकू बोलती."

मला हे सुचलंच नव्हतं. मायला कुणी काही इचारत असत्यात? मायला बांधत्यात, धुरी देत्यात, भाकर सरकवत्यात. मी लय दिवस धीर गोळा करत राहिले. मंग एका दुपारी माय शांत होती, माझ्या केसातल्या उवा बघायली होती. तिचा हात हलका लागायला होता. मी म्हणलं, "माय, मामा कोण?"

हात थांबला. मी डोळे मिटून घेतले. आता काय करंल?

"माझा भाऊ," माय म्हणली. "पहिल्या दिवाळीला कंदील घेऊन न्यायला आलता. पटकीत गेला. मंग कोण येतंय न्यायला?"

साधं बोलली. कुणीबी बाई बोलंल तशी. मी पुढं इचारलं, "आन् गंगी?"

"माझी धाकली. पाण्यात गेली. पाण्यातच हाय की."

सोयऱ्याचं इचारायच्या आत तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं आन् पुन्हा गेली, जिथं जायची तिथं. माझ्या डोक्यात काहीतरी लागलं, कुलपाला किल्ली लागावी तसं. मी ओसरीवर चुकीचं बोलले नव्हते. ज्या घरात मी शिकले त्या घरात पाण्याला गंगीच म्हणायचे. हासणाऱ्यांना ती बोली येत नव्हती.

पण हे त्यांना सांगायला तोंड नव्हतं. भीती गेली नव्हती. कळणं येगळं आन् भीती जाणं येगळं.

त्यानंतर मला धाकटा भाऊ झाला. बाळंतपणानं माय जास्तच बिघडली. लेकराला पाजायला धरावं लागायचं, न्हाईतर ती त्याला खाली ठेवून भिंतीशी बोलत बसायची. लेकरू माझ्या कडंवर वाढलं. आन् मी काय करायचे, तर त्याच्याशी बोलायचे. एकटीनं बोलायची भीती होती मला, पण ह्याला घेऊन बोललं तर कोण काय म्हणणार? मी दिवसभर बोलायचे. "हा दिवा. माय मामा म्हणती, लोक दिवा म्हणत्यात, खाला चिराग म्हणती. समदं ध्यानात ठेव." "हे पाणी." "हा तुझा कान." "भाकर मोडली, किती तुकडे झाले? मोज." मोजायला मला खालानं शिकवलं होतं, मालगाडीच्या डब्यांवर. रोज रात न् दिस मी त्याचं तोंड बघायचे. ह्याच्या डोळ्यात काही येतंय का, की खालीच? ज्या दिवशी तो चांदाकडं बोट करून म्हणला, "त्यो मोठा दिवा का गं, अक्का?" त्या दिवशी मी त्याला छातीशी धरून रडले. गावातल्या बाया म्हणायच्या, पोरगं लय बोलकं हाय, बापावर गेलंय. माझा बाप तर दिवसात दोन शब्द बोलायचा.

मी तेरा-चौदाची झाले आन् धामधुमीचं साल आलं. रझाकारांची नावं रोज कानावर यायची. अमक्या गावाला आग लावली, तमक्या गावची माणसं नेली. खालाच्या नवऱ्याची कुठं लांब बदली झाली. जाताना खाला माझ्या डोक्यावर हात ठेवून रडली, आन् मी कुणाला भ्यावं तेच मला समजंना. भादव्यात एका दुपारी बातमी आली, की शेजारच्या गावापर्यंत आलेत. मालकानं गाड्या जुंपल्या. निजामाची हद्द वलांडून वऱ्हाडात जायचं ठरलं. गावातले जे मालकाच्या जवळचे, ते गाड्यांत. बा गाडी हाकणार होता, म्हणून आमालाबी जागा.

मी भावाला गाडीत बसवलं आन् मायला आणायला निघाले. मालकानं आडवलं.

"येडीला न्हाई घ्यायचं."

बा बैलांचे कासरे धरून उभा. त्यानं वर बघितलं न्हाई.

"रस्त्यात वरडली तर समद्यांचा जीव जाईल," मालक म्हणला. "पोरीला चल म्हणावं. तिकडं कामाला माणूस लागंल. येडीला मेढीलाच राहू दे. भाकर-पाणी ठेव जवळ. येड्या माणसाला कोण काय करतंय?"

मालकाचं शिकारी कुत्रं पुढल्या गाडीत होतं. ते सारखं भुंकायलं होतं.

बा हळू आवाजात मला म्हणला, "चल बाई. दोन दिसांत माघारी येऊ."

मला काय काय वाटलं ते सांगू? मला जावं वाटलं. खरं सांगते. गाडीत माणसं होती, भाऊ होता, आन् घरात ती होती, जिनं मला हिरीवर धरलं होतं. मी गाडीच्या चाकाला हात लावला. मंग माझ्या मनात आलं, की पाहुणे आले म्हणून ती वरडंल आन् घरात कुणी नसंल. पाहुणे म्हंजे काय हे गावात कुणाला ठाऊक हाय? मला. एकटीला.

"न्हाई," मी म्हणलं.

मालकापुढं माझ्या तोंडून निघालेला तो, ओसरीनंतरचा, पहिला शब्द.

"काय म्हणली?"

"माय येत नसंल तर मी येत न्हाई."

मालकानं माझ्याकडं नीट बघितलं आन् हासला. "आलं का तुझ्याबी अंगात? मला ठाऊक होतं. आज न् उद्या येणारच होतं."

सगळ्या जन्माची भीती तीच होती, आन् त्यानं ती समद्यांपुढं बोलून दाखवली. माझ्या कानात नुसतं घुमायलं होतं. पण मी आत बघितलं, जशी रोज सकाळी बघायचे तशी. कुणी बोलत नव्हतं. मीच होते.

"न्हाई मालक," मी म्हणलं. "मी शुद्धीवर हाय."

त्यानं चाबूक वाजवला. गाड्या हालल्या. भाऊ "अक्का, अक्का" म्हणून वरडत होता. बानं एकदा मागं बघितलं. पोरगं गाडीत होतं, त्याला जावं लागलं. धूळ खाली बसली आन् गाव मोकळं झालं.

घरात येऊन मी मायच्या पायातलं दावं सोडलं. गाठ सुटंना, दातानं सोडली. घोट्याला खोल काळा वळ पडला होता. माय माझ्याकडं बघत राहिली. मी तिच्यापासून लांब सरकून बसले. ती मोकळी होती आन् मी एकटी होते.

रझाकारांची घोडी आली ती दुसऱ्या दिवशी, दिवस वर आल्यावर. आवाज ऐकून मी मायचा हात धरला आन् परसातून जोंधळ्यात घुसले. जोंधळा पुरुषभर वाढलेला. आमी चिखलात पालथ्या पडलो. माणसं गावात शिरली. कुलपं तोडल्याचा आवाज, भांडी फेकल्याचा. मंग दोघं-तिघं बोलत बोलत आमच्याच बांधाकडं यायले.

मायचे डोळे मोठे झाले. ती उठून बसायली.

"पाहुणे आले," ती म्हणली. मोठ्यानं.

तिच्या तोंडावर हात ठेवला असता तर ती चवताळली असती. आजवर समद्यांनी तेच केलं होतं. माझ्या डोक्यातून झरझर सगळं गेलं, आन् मी तिच्या कानाशी तोंड नेलं.

"माय, पाहुण्यांना झोप लागलीय. आत्ताच टेकलेत. हळू बोल."

माय थबकली. लय वेळ माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मी तशीच तिच्याकडं. बांधावरच्या पावलांखाली ढेकळं फुटायली होती.

मायनं ओठावर बोट ठेवलं. "झोपले?" बारीक आवाजात म्हणली.

"झोपले."

"लय दिसांनी झोपले," ती म्हणली, आन् माझ्या खांद्यावर डोकं टाकून पडून राहिली. तिचा श्वास माझ्या मानंला लागायला होता. माणसं बांधावर थांबली, काहीतरी बोलली, आन् माघारी फिरली. कडब्याच्या गंजीला आग लावून ती निघून गेली. आमी अंधार होईस्तोवर हाललो न्हाई. मी तिथंच चिखलात पडून रडले. भीतीनं. आन् दुसऱ्याबी कशानं. ज्या डोक्यात काही न्हाई म्हणले, त्याच डोक्यानं दोन जीव राखले होते.

थोड्याच दिवसांत हिंदुस्थानची पलटण आली. निजामाचं राज्य गेलं म्हणले. गाड्या माघारी आल्या. मालक आमच्या दारावरून जाताना थांबला आन् म्हणला, "येडी वाचली की!" जसं काही शेळी वाचली. बा आत आला. भाऊ माझ्या पायाला बिलगला. बा मायकडं बघंना, माझ्याकडं बघंना. कोपऱ्यातलं दावं उचललं आन् सवयीनं मायच्या पायाशी बसला.

मी त्याचा हात धरला. बापाचा हात धरायची ती पहिलीच वेळ.

"बा, आता न्हाई."

"कोण सांभाळंल?"

"मी."

"आन् उद्या तुझं लगीन झाल्यावर?"

"जे घर हिला घेईल त्या घरात जाईन."

"असं घर न्हाई मिळायचं बाई."

"मंग न्हाई जाणार."

दाराबाहेर मालकाचा माणूस उभा होता. त्यानं ते ऐकलं. सांजच्याला गावभर झालं, पोरगीबी गेली कामातून. मी पाण्याला गेले तर बाया बाजूला सरल्या. सरू द्या म्हणलं.

घर मिळालं, लय उशिरा. माय त्याच घरात मेली, मोकळी. हिरीवर एकटी जाऊ नये म्हणून मी तिच्या मागं मागं हिंडले, रातचं तिचा पदर माझ्या मनगटाशी धरून निजले. सोपं नव्हतं. तिनं मला मारलंबी.

माझ्या डोक्याची भीती मला आजबी हाय. एखादं नाव आठवंना, दूध उतू गेलं, की छातीत धस्स होतं. आज न् उद्या येणारच, हे मालकाचं बोलणं कानातून गेलं न्हाई. येईल तर येईल. मागल्या महिन्यात मी पोरांना जेवायला बसवलं आन् सांगितलं, "उद्या माझं फिरलं, तर कुणा बाबाला बोलवायचं न्हाई. कुणाला गंमत दाखवायची न्हाई. मला बांधायचं न्हाई. दवाखाना करा, पण मी काय बोलती ते ऐका. कळलं न्हाई तर मलाच इचारा, का म्हणून."

थोरला म्हणला, "माय, जेवताना काय अभद्र बोलायलीस?"

मी म्हणलं, "हो म्हण."

तो हो म्हणंस्तोवर मी ताटाला हात लावला न्हाई.